चार सिलिंडरांची वाटणी

वातीचा स्टोव्ह ज्यांनी वापरला आहे त्यांना आमचे म्हणणे लवकर कळेल. आठ-दहा वाती, खाली रॉकेलची एकच टाकी, वर एकच जाळी. सगळ्या वाती सारख्या उंचीवर असल्या की जाळ निळा राहतो, भांडे काळे होत नाही आणि भातही वेळेवर शिजतो. एखादी वात वर आलेली असली की तेवढ्याच जागी पिवळी जीभ उठते, काजळी धरते, घरभर वास सुटतो. मग घरची बाई टाकीत रॉकेल जास्त झाले का, असे विचारत बसत नाही. ती वाकून कोणती वात वर आली ते पाहते. आमची आई तर चष्म्याशिवाय, नुसत्या वासावरून सांगत असे. आज घरोघरी गॅस आला, पण वातीचा हिशोब ज्यांच्या डोक्यात आहे त्यांना विमानाचे इंजिन समजायला काहीच अवघड नाही.

हे आम्ही उगाच म्हणत नाही. आमच्या उमेदीची सगळी वर्षे विमानांच्या हँगरमध्ये गेली. गाव मालवण तालुक्यातले मसुरे. गड नदी आमच्या गावाजवळून वाहत पुढे कालावलच्या खाडीला मिळते. आमच्या पिढीत गावात राहून पोट भरेल अशी शेती आमच्या घरांकडे नव्हती. कोणी गिरणीत गेला, कोणी गोदीत, कोणी रेल्वेत. आम्ही विमान शिकवणाऱ्या एका संस्थेत हेल्पर म्हणून चिकटलो, म्हणजे पहिली दोन वर्षे विमान धुणे आणि चाकांखाली लाकडी ठोकळे लावणे. पुढे हत्यार हाती आले, परीक्षा दिल्या, मेकॅनिक झालो. गावी गेलो की लोक आम्हाला ‘विमानवाले’ म्हणत आणि विमान चालते कसे, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारी. तो विषय आपला नव्हे, अशीच सगळ्यांची समजूत.

९ ऑक्टोबर २०२१ ला चिपीचा विमानतळ सुरू झाला आणि प्रश्न येऊ लागले. तिथे सुरुवातीला मुंबईहून आले ते एटीआर जातीचे, दोन पंख्यांचे विमान. पंखे दिसतात म्हणून लोकांना वाटते आत मोटारीसारखे इंजिन असेल. तसे नाही. त्यात सिलिंडर नसतात, जळत्या वायूच्या झोतावर फिरणारे चक्र असते. मोठी प्रवासी विमाने सगळी त्याच जातीची. पण ज्या मुलाला वा मुलीला वैमानिक व्हायचे आहे, तो विद्यार्थी पहिल्यांदा हात ठेवतो तो बहुधा चार सिलिंडरच्या छोट्या विमानावरच. बारामती असो, गोंदिया असो, धुळे असो, शिकवणीची विमाने बहुतेक पेट्रोलवर किंवा डिझेलजातीच्या इंधनावर चालणारी, सिलिंडरवालीच असतात. म्हणून आम्ही आज जे सांगणार आहोत ते म्युझियममधले ज्ञान नाही.

आधी जळण्याचा हिशोब. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे पंधरा किलो हवा लागते. हवेला वजन असते यावर आमच्या भगिनींचा चटकन विश्वास बसत नाही, म्हणून घरचेच माप घेऊ. चाळीतली दहा बाय दहाची खोली, उंचीही दहा फूट धरा. त्या खोलीत भरलेली सगळी हवा तोलली तर चौतीस किलोच्या आसपास भरते. म्हणजे त्या खोलीभर हवेत जेमतेम तीन लिटर पेट्रोल नीट जळेल. शिकवणीचे छोटे विमान तासाला तीस-पस्तीस लिटर पेट्रोल पिते. तेव्हा ते तासाला अशा दहाएक खोल्या हवा ओढून घेते. इंजिन पेट्रोल खाते असे आपण म्हणतो, पण त्याचा मोठा घास हवेचा असतो.

एकास पंधरा हे पुरते जळण्याचे प्रमाण झाले. जास्तीत जास्त ताकद हवी असेल तर पेट्रोल थोडे जास्त, म्हणजे एकास साडेबारा-तेरा द्यावे लागते, आणि काटकसर हवी असेल तर एकास सोळाच्या आसपास. उडताना अडचण अशी की वर जावे तशी हवा विरळ होते. दहा हजार फुटांवर तेवढ्याच जागेत समुद्रसपाटीच्या पाऊणभरच हवा असते. खाली जमिनीवर ठरवलेले पेट्रोल वर तसेच सोडत राहिले तर स्टोव्हची वात वर आल्यासारखे होते. काजळी धरते, प्लग बुजतात, पेट्रोल वाया जाते. म्हणून वैमानिकाच्या हाताशी एक लाल मूठ असते. ती मागे ओढली की पेट्रोल कमी होते. किती ओढायची हे त्याला एक काटा सांगतो. एक्झॉस्टच्या नळीत, सिलिंडरच्या तोंडाशी, उष्णता मोजणारी तार बसवलेली असते. पेट्रोल कमी करत जावे तसा हा काटा चढतो, एका टोकाला पोचतो आणि आणखी कमी केले की पुन्हा उतरतो. टेकडी चढून पलीकडे उतरावे तसे. टेकडीच्या अलीकडे पेट्रोल जास्त आणि हवा कमी, पलीकडे हवा जास्त आणि पेट्रोल कमी.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवायची. एक्झॉस्टचा काटा टोकावर असतो तेव्हाच सिलिंडरचे डोके सर्वांत जास्त तापते असे नाही. डोके जास्तीत जास्त तापते ते टोकाच्या थोडे अलीकडे, पेट्रोल किंचित जास्त असताना. भरपूर पेट्रोलवर ते थंड राहते आणि टोकाच्या पुरते पलीकडे गेल्यावर पुन्हा थंड होते. मधल्या पट्ट्यात, जोराची ताकद घेत असताना, रेंगाळणे वाईट. हे आमच्या वेळी अनेक शिकवणाऱ्यांनाही सांगता येत नसे. ‘पेट्रोल कमी केले की इंजिन जळते’ एवढेच वाक्य पाठ.

आता खरा मुद्दा. लाल मूठ एक, काटा एक, पण सिलिंडर चार. त्या चौघांना सारखे पोचते का?

लग्नाच्या पंगतीत बसलेल्यांना याचे उत्तर ठाऊक आहे. आमटीचे पातेले एकच, वाढपी एकच. पण पहिल्या पानावर वरचे पाणी येते आणि शेवटच्याच्या वाट्याला कधी तळाची डाळ येते, कधी काहीच येत नाही. कार्बोरेटरच्या इंजिनाचे तसेच होते. पेट्रोलचे तुषार हवेत मिसळून चार नळ्यांतून निघतात. हवा हलकी, ती वळणावर वळते. पेट्रोलचा थेंब जड, तो सरळ जाऊन नळीच्या भिंतीवर आपटतो. जी नळी सरळ तिला जास्त मिळते, जी वळणाची तिला कमी. चौघांत एक तापलेला, एक काजळलेला, आणि काटा ज्या सिलिंडरवर लावला आहे तेवढ्याचेच सांगतो. इतर तिघांची विचारपूस नाही.

पेट्रोल जास्त असताना ही असमान वाटणी कळतही नाही. त्याचे कारण सोपे आहे. पाच माणसांच्या घरात पंधरा भाकऱ्या भाजल्या तर एखादी कमी-जास्त झाल्याची कोणी नोंद घेत नाही. पाचच भाजल्या तर अर्धी भाकरी कोणाला कमी गेली तेही दिसते. टेकडीच्या अलीकडे सिलिंडरची ताकद हवेवर ठरते, पेट्रोल उरतेच. पलीकडे गेल्यावर ताकद पेट्रोलवर ठरते. तिथे ज्याला थोडे कमी मिळाले त्याचा जोर लगेच उतरतो, ज्याला जास्त मिळाले तो जोरात ढकलतो, आणि इंजिन हलू लागते. वैमानिकाला वाटते पेट्रोल कमी झाल्याने इंजिन कुरकुरते आहे. खरे तर चौघांचे एकमेकांशी जमत नाही. चौघांनाही सारखेच कमी मिळाले असते तर इंजिन शांतपणे, फक्त थोड्या कमी जोराने, चालले असते.

हे दुखणे विमानाइतकेच जुने. १७ डिसेंबर १९०३ ला राइट बंधूंचे विमान उडाले. त्यांचे इंजिन बनवले ते चार्ल्स टेलर या त्यांच्या दुकानातल्या कारागिराने, सुमारे सहा आठवड्यांत. चार सिलिंडर, बारा घोड्यांची ताकद, आणि पेट्रोल वरच्या टाकीतून आपल्या वजनानेच खाली ठिबकायचे. तापलेल्या धातूवर त्याची वाफ व्हायची. ना मूठ, ना काटा. राइट बंधूंची नावे पाठ्यपुस्तकात आली, टेलरचे आले नाही. आता त्याचा जन्मदिवस, २४ मे, अमेरिकेत विमान-मेकॅनिकांचा दिवस म्हणून पाळतात, तेवढे बरे झाले. आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ ला जे.आर.डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते पस मॉथ विमानही चार सिलिंडरचेच. चारही एका रांगेत, एकामागे एक. पुढच्याला वारा लागायचा, मागच्याला पुढच्याची ऊब.

या विषयातला खरा डोंगर पाहायचा तर मसुऱ्याहून गोव्याला जावे. दाबोळीला, बोगमाळोच्या रस्त्यावर, नौदलाचे विमान-संग्रहालय आहे. १९९८ मध्ये ते सुरू झाले. तिथे अंगणात सुपर कॉन्स्टेलेशन उभे आहे, तीन शेपट्यांचे. ही विमाने १९५० च्या दशकात एअर इंडियाने प्रवाशांसाठी घेतली. पुढे ती वायुदलाकडे आणि १९७६ मध्ये नौदलाकडे आली. त्याला चार इंजिने. प्रत्येक इंजिनाला अठरा सिलिंडर, नऊ-नऊच्या दोन चक्राकार रांगा. एकूण बहात्तर सिलिंडर आणि प्रत्येकी दोन म्हणजे एकशे चव्वेचाळीस प्लग. एकेका सिलिंडरचे पोट तीन लिटरचे. मारुती ८०० ची जवळजवळ चार इंजिने त्या एका सिलिंडरात बसतील. आम्ही तिथे गेलो होतो तेव्हा बरोबरची मुले पंखे मोजत होती आणि आमचे लक्ष इंजिनाच्या झाकणाच्या फटींकडे.

याच घराण्यातली आधीची इंजिने दुसऱ्या महायुद्धात बी-२९ या बॉम्बफेकी विमानांवर होती. ती तापण्यासाठी आणि पेट घेण्यासाठी बदनाम होती. त्याची कारणे अनेक, पण कार्बोरेटरमधून अठरा ठिकाणी मिश्रण सारखे न पोचणे हे त्यांतले एक. पुढे कार्बोरेटरची वाटणी काढून पंपाने प्रत्येक सिलिंडरला वेगळे पेट्रोल देण्याची व्यवस्था झाली. सुपर कॉन्स्टेलेशनवर वैमानिकांखेरीज एक फ्लाइट इंजिनिअर बसे. त्याचे काम बहात्तर सिलिंडर सांभाळणे. त्याच्यासमोर दूरदर्शनसारखा छोटा गोल पडदा असे, त्यावर एकेका प्लगची ठिणगी पाहता येई. आणि पेट्रोल कमी करताना तो अंदाजावर जात नसे. इंजिनाचा जोर मोजणारे माप असे. जोर सर्वांत जास्त कुठे आहे ते आधी शोधायचे, मग पलीकडच्या बाजूला जोर सुमारे दहा टक्के उतरेपर्यंत पेट्रोल कमी करायचे. महासागर ओलांडणारी विमाने अशीच चालवली जात. १९४४ मध्ये चार्ल्स लिंडबर्गने पॅसिफिकच्या आघाडीवर तरुण वैमानिकांना फेरे कमी आणि पेट्रोलही कमी ठेवून उडायला शिकवले, तेव्हा इंजिने जळतील अशी भीती अनेकांना वाटली होती. इंजिने जळली नाहीत, उलट विमाने आणखी लांबवर जाऊ लागली.

म्हणजे ज्ञान होते. छोट्या विमानांच्या हँगरपर्यंत ते उतरले नव्हते. त्याचा आम्हाला जो अनुभव आला तो सांगतो.

वीस-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तेव्हा ज्या ठिकाणी होतो तिथे एक चार सिलिंडरचे विमान होते, इंजेक्शनचे. म्हणजे कार्बोरेटर नाही, प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी पितळी नोझल, त्यातून पेट्रोल फवारते. काटा एकाच सिलिंडरवर. वैमानिक येऊन वहीत लिहीत, ‘मिक्श्चर ओढले की हलते.’ वरून हुकूम आला की ओढूच नका, भरपूर पेट्रोलवर उडा. चार महिने तसे चालले. प्लग काढावे तर शिशाच्या गाठी. विमानाच्या त्या निळ्या पेट्रोलमध्ये शिसे असते, ते भरपूर पेट्रोलवर प्लगमध्ये साचते. आणि एक दिवस सिलिंडरांचा दाब तपासला तर ऐंशीच्या दाबावर तीन नंबर पन्नाशीत उतरलेला. बाकीचे तिन्ही सत्तरीच्या वर. एक्झॉस्टच्या नळीशी कान लावला तर हवेची सुसकार स्पष्ट. तीन नंबरची एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गेली होती.

सिलिंडर उतरवायचा म्हणजे मोठा खर्च. खर्च आला की माणूस शोधला जातो. आमच्याकडे आचऱ्याकडचा एक पोरगा रोजंदारीवर हेल्पर होता. नोझल साफ करण्याचे काम त्याचे. साहेबांनी ठरवून टाकले की ह्यानेच तीन नंबरच्या नोझलमध्ये कचरा ठेवला, पेट्रोल कमी गेले, सिलिंडर तापला आणि व्हॉल्व्ह जळली. किंवा तार घालून भोक बिघडवले. त्याला सांगितले, उद्यापासून येऊ नको.

आता पंपाच्या स्टोव्हला पिन मारायची हे आपल्या घरी सगळ्यांना माहीत. विमानाच्या नोझलला पिन कधीच मारायची नसते. भोक केसाएवढे मोठे झाले तरी माप गेले. ते द्रवात भिजत ठेवायचे, हवेने फुंकायचे, उजेडाकडे धरून पाहायचे. पोराला हे आम्हीच शिकवले होते आणि तो ते तसेच करतो हे रोज पाहत होतो. तो काही बोलत नव्हता. जेवणाचा डबा तसाच बंद ठेवून दाराशी उभा होता.

आम्ही चौघे मेकॅनिक साहेबांकडे गेलो आणि एक दिवस मागून घेतला. काचेच्या चार सारख्या बरण्या आणल्या, लोणच्याच्या. चारही नोझल त्यांच्या नळ्यांसकट सिलिंडरमधून काढून एकेका बरणीत सोडली. विमान उघड्यावर नेले, आग विझवण्याचे नळकांडे हाताशी ठेवले, मूठ पुरती पुढे सारली आणि विजेचा पंप मोजून काही सेकंद चालवला. मग चारही बरण्या फळीवर ओळीने मांडल्या. निळे पेट्रोल चारही बरण्यांत एकाच रेषेवर. साहेबांना बोलावून दाखवले. त्यांनी वाकून पाहिले, बरण्यांची जागा बदलून पुन्हा पाहिले. नोझल निर्दोष होते, म्हणजे पोरगाही.

साहेब म्हणाले, मग इंजिन हलते का? रास्त प्रश्न होता. पेट्रोल चौघांना सारखे आहे आणि तरीही एक तापतो. तेव्हा राहिली हवा. आम्ही व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू इंजिनाच्या हवा घेण्याच्या तोंडाला लावली, फडके गुंडाळून बंद केली, आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी सोडले. एक, दोन, चार, सगळे कोरडे शांत. तीन नंबरला नळी जिथे सिलिंडरला बसते तिथे बुडबुडे. गॅस्केट फाटली होती. नीट पाहिले तर सांध्याभोवती फिकट निळा डागही होता. तो आधी कोणाच्या नजरेस न येण्याचे कारण म्हणजे तो खालच्या अंगाला होता.

पुरा जोर लावला असताना नळीच्या आत-बाहेर हवेचा दाब जवळजवळ सारखा असतो, म्हणून गळती जाणवत नाही. जमिनीवर पुऱ्या जोराने इंजिन तपासले की ते उत्तम चाले. पण वर जाऊन जोर कमी केला की नळीत ओढ तयार होते आणि फटीतून चोरहवा शिरते. तीही फक्त तीन नंबरमध्ये. तिघांचे मिश्रण भरपूर पेट्रोलचे आणि याचे नेमके त्या तापणाऱ्या पट्ट्यात. काटा लावला होता चार नंबरवर. तो बिचारा खरेच सांगत होता, चार नंबरचे.

गॅस्केटची किंमत एका वेळच्या जेवणाएवढी. ती बदलली, सिलिंडर दुरुस्त होऊन आला, इंजिन शांत झाले. पोरगा दुसऱ्या दिवशी कामावर आला. त्याची कोणी माफी मागितली नाही. त्याला कायम करायला आणखी तीन वर्षे गेली, तो वेगळा विषय.

आता पुढची गंमत अशी की काही इंजिनांत बरण्या सारख्या भरूनही आणि एकही फट नसूनही वाटणी असमानच राहते. कॉन्टिनेंटल कंपनीच्या सहा सिलिंडरच्या इंजिनांत हे ठळक दिसे. नोझल सतत फवारत असते, सिलिंडरची व्हॉल्व्ह बंद असतानाही. तोवर जमलेली पेट्रोलची वाफ शेजारचा सिलिंडर आपल्या ओढीबरोबर घेऊन जातो. एका लांब नळीवर एकामागे एक सिलिंडर बसवलेले, त्यामुळे काहींना शेजाऱ्याचे आयते मिळते आणि काहींचे जाते. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या एडा गावी जॉर्ज ब्रेली आणि टिम रोहल यांनी १९९० च्या दशकात यावर उपाय काढला. त्यांच्या कंपनीचे नाव गॅमी. त्यांनी नोझल सारखी ठेवण्याचा हट्ट सोडला. ज्या सिलिंडरला शेजाऱ्याकडून वरकड मिळते त्याचे भोक थोडे लहान, ज्याचे जाते त्याचे थोडे मोठे. बरणीत धरले तर सहाही रेषा वेगळ्या, पण सिलिंडरात जळताना सहाही जुळलेले.

त्यांची तपासण्याची रीतही साधी आहे आणि ज्या विमानात प्रत्येक सिलिंडरला वेगळी तार आहे तिथे कोणालाही करता येते. वर स्थिर उडताना मूठ अगदी सावकाश ओढायची आणि प्रत्येक सिलिंडर आपापल्या टोकाला पोचतो तेव्हा तासाला किती पेट्रोल चालले आहे ते लिहायचे. पहिला पोचणारा आणि शेवटचा पोचणारा यांत जेवढे अंतर तेवढी असमानता. ते तासाला अर्ध्या गॅलनच्या, म्हणजे सुमारे एक लिटर नऊशे मिलीलिटरच्या आत असले तर इंजिन टेकडीच्या पलीकडेही गुण्यागोविंदाने चालते. त्याहून जास्त असले की हलणारच, वैमानिक कितीही हुशार असो.

आमचा एक पुतण्या सध्या विमान-दुरुस्तीचा अभ्यासक्रम करतो आहे. बारावीला भौतिक, रसायन आणि गणित होते म्हणून प्रवेश मिळाला. फी भरताना त्याच्या आईने बांगड्या मोडल्या. अशा घरांसाठी दोन शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. पैसे भरण्याआधी त्या संस्थेला डी.जी.सी.ए.ची मान्यता आहे का, आणि कोणत्या शाखेसाठी आहे, ते डी.जी.सी.ए.च्या यादीतच पाहावे, संस्थेच्या जाहिरातीत नव्हे. दुसरे, संस्थेचे प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. परवान्यासाठी डी.जी.सी.ए.च्या परीक्षा वेगळ्या द्याव्या लागतात आणि प्रत्यक्ष विमानावर काम केल्याची नोंद दाखवावी लागते. हे न कळल्यामुळे कर्जे डोक्यावर घेऊन बसलेली मुले आम्ही पाहिली आहेत. सिलिंडरच्या इंजिनांची शाखा म्हणजे बी-वन पॉइंट टू. तिकडे मुले कमी वळतात, कारण सगळ्यांना मोठी विमाने हवी असतात.

पुतण्याला शिकवायला आमच्याकडे विमान नाही. पण मसुऱ्याला ओळखीच्या एकाची होडी आहे, तिला दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन. डिझेलमध्ये लाल मूठ नसते, ठिणगी नसते, पण वाटणीचा प्रश्न तोच. इंजिन चालू ठेवून एका सिलिंडरच्या इंधननळीचा नट पान्याने अर्धा फेरा सैल करायचा. आवाज पडला तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर तो नुसताच बसून खात होता. हे हातमोजे आणि चष्मा घालून, जाणत्यासमोर करायचे, कारण त्या नळीतला दाब कातडी फोडतो. पुतण्याने दोन्ही नट पाहिले. एकाला आवाज चांगला पडला, दुसऱ्याला अर्धवट. पंप कॅलिब्रेशनला पाठवावा लागला.

त्या रात्री त्याला गॅमीची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ वहीत सहा गोल काढत, त्यांना नळीने जोडत बसला. मग म्हणाला, “काकानू, मगे कंपनीच हां सगळां नीट करून कित्याक देणा नाय?” आम्ही सांगितले की इंजिन झाकणाखाली मावायला हवे, म्हणून नळ्या लागतील तशा वळवाव्या लागतात, आणि भरपूर पेट्रोलवर उडणाऱ्याला फरक कळत नाही म्हणून तक्रारही कमी येते. त्याने ते लिहून घेतले, पण पुढे प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे.